समुद्र दारात आणि वहीत दोन डोंगर: मुलांच्या शिक्षणात कला काय काम करते?

कोकणातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा आणि मुलांना सांगा, "आवडेल ते चित्र काढा." थोड्या वेळाने वर्गातून फेरी मारली तर बहुतेक वह्यांत एकच चित्र दिसेल. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या मधोमध किरणांचा सूर्य, डोंगरातून वाकडीतिकडी उतरणारी नदी, काठावर त्रिकोणी छपराची झोपडी आणि शेजारी एक माड. वेंगुर्ल्याचं मूल हेच काढतं, गुहागरचंही हेच आणि हर्णै बंदरालगत राहणारंही हेच. ज्याच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, छपरावर कौलं आहेत, मागच्या दारची पाणंद उतरली की थेट पुळण लागते, ते मूल कधी न पाहिलेली झोपडी रंगवत बसतं. समुद्र त्या चित्रात नसतोच.

या मुलाला चित्र येत नाही असं नाही. 'चित्र' म्हणजे हे आणि एवढंच, असं त्याला कुणीतरी फळ्यावर काढून दाखवलेलं असतं. त्याने ते बिनचूक उतरवलं, शाबासकी मिळवली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर आणायचं असतं ही गोष्टच त्याच्या मनातून गेली. ही सवय चित्राच्या तासापुरती राहत नाही. चौथीच्या वर्गातले 'माझी आई' या विषयावरचे निबंध एकदा सलग वाचून बघा. सगळ्यांची आई पहाटे पाचला उठते, प्रेमळ असते आणि खूप कष्ट करते. मासे विकायला बाजारात बसणारी, काजूच्या कारखान्यात जाणारी, चतुर्थीला मुंबईहून येणारी आई कुणाच्याच निबंधात नसते.

मुलाला स्वतःचं पाहणं आणि त्यावर विश्वास ठेवणं जमलं नाही तर पुढचं बरंचसं शिक्षण उतरवून घेण्यात जातं, असं मला वाटतं. कलेचं खरं काम इथे आहे. ती मुलाच्या पाहण्याला आणि विचाराला आकार देते. हे कसं होतं ते समजण्यासाठी आधी मुलं चित्र कशी काढतात ते बघावं लागेल.

रेघोटीपासून गाबोळीपर्यंत

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती खडू आला की ते भिंत, फरशी, पाट काही सोडत नाही. या वयात ते कशाचंही चित्र काढत नसतं. हात हलवला की मागे खूण राहते, हा शोध त्याला लागलेला असतो आणि तो पुन्हा पुन्हा पडताळून पाहण्यात ते रमतं. काही महिन्यांनी या रेघोट्या गोल फिरायला लागतात आणि एक दिवस गोल बंद होतो. बंद गोल दिसायला साधा, पण त्यासाठी सुरू केलं तिथेच परत यायचं हे डोळ्यांनी ठरवावं लागतं आणि हाताने ऐकावं लागतं. अक्षर गिरवण्याची खरी तयारी इथे होते. ज्या मुलाने मनसोक्त रेघोट्या मारलेल्या नाहीत, त्याच्या हातात थेट पाटी-पेन्सिल देऊन 'अ' गिरवायला लावणं म्हणजे पाया न भरता भिंत उभी करणं.

तीन-चार वर्षांचं मूल त्या गोलाला दोन डोळे आणि खाली दोन उभ्या रेघा जोडतं. झाला माणूस. पोटाचा पत्ता नाही, हात असलेच तर डोक्यातून फुटलेले. घरच्यांना हसू येतं. पण निरनिराळ्या देशांतली, निरनिराळ्या भाषांतली मुलं पहिला माणूस बहुधा असाच काढतात.

व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले कलाशिक्षक. त्यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले आणि ते आजही वापरले जातात. साधारण दोन ते चार वर्षं रेघोट्या, चार ते सात ओळखू येतील असे पहिले आकार, सात ते नऊ प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेली आकृती आणि त्यानंतर हुबेहूब काढायची ओढ. ही वयं दगडावरची रेघ नाहीत. एखादं मूल पुढे असतं, एखादं रमतगमत येतं.

यातला सात-आठ वर्षांचा टप्पा मला सगळ्यांत श्रीमंत वाटतो. किनाऱ्यावरच्या एका गावात दुसरीतल्या एका मुलीने काढलेलं रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने जाळं ओढून करायच्या मासेमारीचं, चित्र सांगते. कागदाच्या तळाला एक रेघ, म्हणजे पुळण. त्या रेघेवर दोरी ओढणाऱ्या माणसांची रांग. दोरीचं दुसरं टोक ओढणाऱ्यांची रांग मात्र वरच्या बाजूला आणि डोकी खाली, पाय वर. मध्ये जाळं, जाळ्याच्या आत एकेक मासा स्पष्ट दिसणारा. एक म्हातारा माणूस बाकीच्यांच्या दुप्पट उंच. आणि एका माशाच्या पोटात बारीक बारीक ठिपके.

मोठ्या माणसाला यात चार चुका दिसतील. माणसं उलटी कशी? जाळ्यातले मासे बाहेरून इतके दिसतात का? म्हातारा एवढा मोठा का? आणि पोटातलं कसं दिसलं? मुलीला विचारल्यावर तिने ठिपक्यांवर बोट ठेवून सांगितलं, "बाई, ह्या मास्याच्या पोटात गाबोळी आसा." गाबोळी म्हणजे माशाची अंडी. आई मासे कापते तेव्हा तिने ती पाहिलेली होती. म्हातारा तिचा आजा. ओढ कधी घ्यायची, दम कधी खायचा हे तोच सांगतो, मग तो मोठाच असणार. आणि दोन रांगा समोरासमोर तोंड करून ओढतात हे एका सपाट कागदावर दाखवायचं तर कागदाची घडी उलगडल्यासारखं चित्र करण्याशिवाय तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. तिने एक अवघड भूमितीचा प्रश्न स्वतःच्या पद्धतीने सोडवला होता.

या वयातलं मूल डोळ्यांना दिसतं तेवढंच काढत नाही, त्याला जे माहीत आहे ते सगळं काढतं. घराची भिंत पारदर्शक होते आणि आत चूल, देव्हारा, पाळणा दिसतो. महत्त्वाचं माणूस मोठं होतं. म्हणून असं चित्र शिक्षकासाठी मुलाच्या डोक्यात डोकावायची खिडकी असते. रापणीच्या त्या एका कागदावर गावचा व्यवसाय होता, कामाची वाटणी होती, घरातला मान होता आणि जीवशास्त्रही होतं. तिथे खोडरबर पुढे करून "मासा आतून दिसतो का गं?" म्हटलं की खिडकी बंद. "हे तुला कसं कळलं?" असं विचारलं की मूल बोलू लागतं, आणि जे मूल वर्गात कधी तोंड उघडत नाही ते चित्राच्या आधाराने चार वाक्यं सलग बोलतं, हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल.

मग नऊ-दहाव्या वर्षी एक वळण येतं. मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसावं असं वाटू लागतं आणि ते दिसत नाही. होडी कडेने काढायची तर पुढचं टोक कसं वळवायचं? धावणाऱ्या माणसाचा गुडघा कुठे वाकतो? याच वयात बहुतेक मुलं "मला चित्र येत नाही" असं म्हणून कायमची बाजूला होतात किंवा दोन डोंगरांच्या आश्रयाला जातात. 'मुलांना मोकळं सोडा, शिकवू नका' हा सल्ला लहान वयात बरोबर आहे, पण या वळणावर तो मुलाला एकटं पाडतो. इथे कुणीतरी शेजारी बसून होडीकडे बोट दाखवून "बघ, मधला भाग रुंद आहे, टोकाकडे निमुळता होतो, तेवढीच रेघ आधी ओढ" असं शिकवायला हवं. कसब हे शिकवावं लागतं. आणि नेमक्या याच वर्गांना, चौथी-पाचवी-सहावीला, बहुतेक ठिकाणी चित्राचा तास गणिताला देऊन टाकलेला असतो.

कलेने मार्क वाढतात का?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं पाहिजे. कलेच्या बाजूने बोलणारेही पुष्कळदा वाटेल ते दावे करतात. बाळाला मोझार्टचं संगीत ऐकवलं की बुद्धी वाढते, हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. त्याचं मूळ १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. तो प्रयोग बाळांवर झालाच नव्हता. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची रचना ऐकवून आकृत्यांची कोडी घातली, त्यांची कामगिरी जराशी सुधारली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. यावरून सीडी विकल्या गेल्या, पाळणाघरांच्या जाहिराती झाल्या.

हार्वर्डच्या 'प्रोजेक्ट झिरो' या संशोधनगटातल्या एलन विनर आणि लोईस हेटलँड यांनी २००० साली त्या वेळेपर्यंतच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कलेचे तास वाढवले की गणित-विज्ञानाचे गुण आपोआप वाढतात, असं ठामपणे सांगणारा पुरावा त्यांना सापडला नाही. कलेवर प्रेम करणाऱ्या अनेकांना तेव्हा हे आवडलं नव्हतं. मला मात्र हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो. गणिताची नोकर म्हणून कलेला शाळेत घेतलं, तर गुण वाढले नाहीत की तिला पहिल्यांदा दाराबाहेर काढणार. इतिहास शिकवताना आपण विचारतो का, की याने भूमितीचे मार्क किती वाढले?

मग चांगल्या कलावर्गात मूल शिकतं तरी काय? याच गटाने पुढे बॉस्टन परिसरातल्या शाळांमधले कलेचे वर्ग जवळून पाहिले. तिथे साधनं हाताळण्याचं कसब तर होतंच, शिवाय विचारांच्या काही सवयी लागताना दिसल्या. बारकाईने पाहणं, जे समोर नाही ते मनासमोर आणणं, जमत नसतानाही कामाला चिकटून राहणं, आपल्याच कामाकडे लांबून पाहून ते तपासणं, चुकेल या भीतीविना काहीतरी नवं करून बघणं. या सवयी गुणपत्रिकेत कुठे येतात? कुठेच नाही. पण होडी बांधणाऱ्याला, डॉक्टरला, वकिलाला, शेतकऱ्याला यांच्यावाचून एक दिवस चालत नाही.

अभ्यासाशी थेट संबंध जिथे खरोखर सापडला अशा दोन गोष्टी सांगते. पहिली स्मरणाची. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की एखादा शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं छोटंसं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो. प्रयोगातली मुलं महाविद्यालयीन वयाची होती, चित्रं ओबडधोबड होती, आणि तरीही फरक पडला. कारण चित्र काढताना आधी शब्दाचा अर्थ डोळ्यांसमोर आणावा लागतो, मग हात चालवावा लागतो, मग उमटलेलं पुन्हा पाहावं लागतं. एकाच गोष्टीच्या मेंदूत तीन वाटा पडतात. भरती-ओहोटीचं कारण पाठ करण्याऐवजी चंद्र, पृथ्वी आणि पाण्याचा फुगवटा मुलाला स्वतःच्या हाताने काढू द्या, त्यातून त्याला काय कळलं आणि काय नाही ते लगेच दिसेल.

दुसरी गोष्ट नाट्याची आहे, आणि ती कोकणासाठी फार महत्त्वाची आहे.

जत्रेतल्या रात्रीची शाळा

त्याच २००० सालच्या आढाव्यात एक संबंध भक्कम निघाला. वर्गात गोष्ट नुसती वाचण्याऐवजी मुलांनी ती सादर केली, तर त्यांचं भाषेचं आकलन सुधारतं. एवढंच नव्हे, जी गोष्ट त्यांनी सादर केली नव्हती तीही त्यांना आधीपेक्षा चांगली समजू लागते.

याचं कारण समजून घ्यायला दशावतार या लोकनाट्यासारखं दुसरं उदाहरण नाही. सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळाच्या आवारात रात्रभर दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, चालतो. पायपेटी, पखवाज, झांज एवढ्याच वाद्यांवर राजे-राक्षस उभे राहतात. पुरुषच स्त्रीपार्ट करतात आणि आपला चेहरा आपणच रंगवतात. कथानक ठरलेलं असतं, प्रवेशांचा क्रम ठरलेला असतो, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरच्या पात्राने टाकलेल्या वाक्याला शोभेल असं उत्तर तिथल्या तिथे घडवायचं, तेही पात्राच्या स्वभावाला धरून. देवाने देवासारखं बोलायचं, संकासुराने त्याच्या तऱ्हेने सभेला हसवायचं.

आईच्या मांडीवर डुलक्या काढत हे बघणारं मूल दुसऱ्या दिवशी खळ्यात टॉवेलाचा शेला करून तेच खेळतं. त्यात काय काय घडतं बघा. आपण नसलेल्या माणसाच्या जागी उभं राहून विचार करावा लागतो. समोरच्याचं नीट ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही. राजाच्या तोंडची संस्कृतप्रचुर भाषा आणि विनोदी पात्राची मालवणी, दोन्हींत ये-जा करावी लागते. हा तिसरा मुद्दा शाळेसाठी सोन्यासारखा आहे. घरात मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि पुस्तकातली मराठी त्याला परक्या पाहुण्यासारखी भेटते. "गावलो" म्हटल्यावर "सापडला म्हण" असं दोन-चार वेळा झालं की ते गप्प होतं. नाटुकलीत मात्र दोन्ही बोलींना हक्काची जागा असते. कोळीण कोळणीसारखी बोलेल, साहेब साहेबासारखा. कुठे काय शोभतं हे मूल स्वतः ठरवतं, आणि प्रमाण मराठीही त्याला बोलीचा अपमान न होता येते.

रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी या लोककला आहेत, शिमग्यात संकासूर आणि गोमू ही सोंगं आहेत. जाखडीत शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब असतात, म्हणजे गाण्यातून प्रश्न टाकायचा आणि गाण्यातूनच उत्तर द्यायचं. भाषेच्या तासाला याहून चांगला नमुना बाहेरून आणायची गरज नाही. स्नेहसंमेलनाला सिनेमाच्या गाण्यावर आठ दिवस नाच बसवून घेण्यात जो वेळ जातो, त्याच्या निम्म्यात पाठ्यपुस्तकातल्या एका धड्याचा खेळ मुलं स्वतः उभा करतात. मोठ्यांनी संवाद लिहून द्यायचे नाहीत, एवढं पथ्य पाळायचं.

बक्षिसाने काय होतं

आपल्याकडे कलेचं नाव निघालं की स्पर्धा आठवते. गणेशोत्सव मंडळाची चित्रकला स्पर्धा, बँकेची, पतपेढीची, नेत्याच्या वाढदिवसाची. हेतू चांगलाच असतो. पण १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग आयोजकांनी जरूर समजून घ्यावा. मुळात चित्र काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली आणि तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता शेवटी ते दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात रंग नुसते मांडून ठेवले. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रात रमली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला धक्का लागला नव्हता. 'मी हे मला आवडतं म्हणून करतो' याच्या जागी 'मी हे बक्षिसासाठी करतो' हे बसलं की बक्षीस गेल्यावर मूलही उठून जातं.

आठवी-नववीच्या मुलांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना जरूर बसावं. त्यांतून हाताला शिस्त लागते, वस्तुचित्र आणि संकल्पचित्र म्हणजे काय ते कळतं, आणि दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण वाढीव गुणांसाठी दोन महिने क्लास आणि परीक्षा झाल्यावर रंगांची पेटी माळ्यावर, असं होत असेल तर परीक्षा पास झाली आणि कला गेली.

नियम काय म्हणतो आणि शाळा कुठे आहे

कागदावर कलेला कुणी नाकारलेलं नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा असावा असं म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'मुख्य विषय' आणि 'इतर उपक्रम' ही भिंतच पाडा, सगळे विषय कलेच्या अंगाने शिकवा असं सांगितलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर सहावी ते आठवीच्या शाळांसाठी कलेचा अंशकालीन निदेशक नेमायची तरतूद केली.

पण त्या तरतुदीला एक अट आहे. पट शंभरच्या वर हवा. आता कोकणातल्या वाडीवस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणा. घाटी, व्हाळ, डोंगरउतार यांमुळे वस्त्या विखुरलेल्या, कर्ती माणसं मुंबईला, कित्येक शाळांचा पट वीसच्या आत. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, ऑनलाइन माहिती भरण्याचं काम वेगळंच. शंभरच्या पटाची अट लावून केलेला नियम या शाळांपर्यंत कधी पोचणारच नाही. मुलं कमी आहेत म्हणून त्यांचा कलेचा हक्कही कमी, हे मला अजिबात मान्य नाही. केंद्रशाळेच्या पातळीवर पाच-सहा शाळा मिळून एक एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेला कलाशिक्षक दिला आणि तो दिवस वाटून फिरला, तर हा प्रश्न बराचसा सुटू शकतो. शाळा व्यवस्थापन समित्यांनी ठराव करून ही मागणी लावून धरायला हवी.

तोपर्यंत काय? कोकणात कलाकार शोधत जावं लागत नाही, ही आपली शिल्लक आहे. पेणपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगाव गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचे कारखाने, चालतात. मंडळी आपापला पाट नेऊन देतात, आणि संध्याकाळी गावची मुलं तिथे रेंगाळतात. त्यांना कुणी हाकलत नाही. आधी माती मळायला मिळते, मग साच्यात भरायला, मग वाळलेल्या मूर्तीवर पॉलिश पेपर मारायला. हात बसला की उंदीर रंगवायला देतात, पुढे पितांबर. डोळ्यांची आखणी मात्र मुख्य कारागीर स्वतः करतो आणि पोरं श्वास रोखून बघतात. सोप्याकडून अवघडाकडे, बघत बघत, खऱ्या कामावर हात चालवत. शिक्षणशास्त्राची पुस्तकं ज्याला आदर्श म्हणतात ते इथे दर पावसाळ्यात घडतं. श्रावणातला एक शनिवार शाळाच तिथे भरवली तर?

अलिबागजवळच्या सासवन्यात १८९१ साली जन्मलेले शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर याच मातीतून वर आले. घरात गणपती घडत. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं, आणि त्यांच्या मदतीने तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुण्यातला शिवाजी महाराजांचा प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवन्यातलं त्यांचं घर आज शिल्पसंग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा. तिथली माणसं, जनावरं आपल्याच गावातली वाटतात. अर्थात प्रत्येक मुलाने करमरकर व्हावं म्हणून कला शिकवायची नसते. प्रत्येकाने धावपटू व्हावं म्हणून का आपण मैदान देतो?

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या आहेत. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या एका कथेच्या चित्रांचा संच असतो, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरत गाऊन गोष्ट सांगायची. हीच पद्धत परिसर अभ्यासाला लावा. तरवा, लावणी, कापणी, झोडणी अशी भातशेतीची पोथी तिसरी-चौथीची मुलं आठ-दहा कागदांत करतात. कुठला प्रसंग घ्यायचा, कुठला गाळायचा, आधी काय आणि मग काय, हे ठरवताना निबंधलेखनाचा सगळा सराव होऊन जातो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तर गणितच घेऊन येते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. पुठ्ठ्याचे गोल कापून वर्गाने स्वतःची गंजिफा करावी, दहा माशांची किंवा दहा झाडांची, आणि खेळावं.

राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती पंधरा मीटरांहून लांब आहे आणि त्याच्या अंगात कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. तिथे सहावीच्या मुलांना नेऊन बाहेरच्या कडेने पावलं मोजायला लावा. मग चौकटीच्या वहीत एक पाऊल म्हणजे एक चौकट धरून तो उतरवायचा. प्रमाण हा धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही. शिल्पावर पाय द्यायचा नाही आणि खाचांत खडू भरायचा नाही, एवढं मात्र आधी नीट सांगा.

रंगांचा खर्च हे कारण तर कोकणात कुणी देऊच नये. सड्यावरची लाल माती, चुलीतला कोळसा, हळद, रातांब्याची (कोकमाची) साल हे सगळं घरचं. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीचा टाकला की हिरवट. मुलं "का?" म्हणून विचारतातच. आम्ल आणि अल्काची ओळख त्या क्षणी करून द्यायची. चुना हाताळायचं काम तेवढं मोठ्यांनी करायचं.

घरी करण्यासारखं

घरी फार काही लागत नाही. चित्र आणून दाखवलं की "हे काय आहे?" असं विचारू नका, त्यात न ओळखल्याचा टोला असतो. "यातलं मला सांग" एवढं म्हणा. नुसतं "छान" म्हणून मोबाइलकडे वळण्यापेक्षा "ही होडी एवढ्या लाटेत आहे, कोण कोण बसलंय तिच्यात?" असं काहीतरी नेमकं बोला. मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन "असं काढ" म्हणून रेघ मारू नका. दाखवायचंच असेल तर आपला वेगळा कागद घ्या. रंगवायच्या तयार पुस्तकांपेक्षा पाठकोरे कागद बरे. चतुर्थीच्या आधी गणपतीमागची भिंत रंगवायचं काम एका वर्षी मुलांकडे सोपवून बघा, आणि माटवीला (गणपतीवर टांगायच्या चौकटीला) कवंडाळं, हरणं ही रानातली फळं-फुलं बांधायची तेव्हा कुठे काय शोभेल ते त्यांना ठरवू द्या.

आणि प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घालून ती एका फाईलीत ठेवा. त्यावर खूण, शेरा, तारे काही नको. वर्षाने फाईल मुलापुढे ठेवली की काय बदललं ते मूल स्वतःच दाखवतं. माणसाला मान आली, होडी वळली, जाळं बारीक झालं. शिक्षकांनी वर्गात अशी एकेक फाईल ठेवली तर कलेच्या मूल्यमापनाला दुसरं काही लागत नाही, आणि पालकसभेत गुणपत्रिकेआधी तीच उघडावी.